काळजी करणारा निष्काळजी

‘निग्लिजंट’ या इंग्रजी विशेषणासाठी मराठी वाचकाला कोश उघडावा लागत नाही. विमा कंपनीच्या पत्रात, मोटार अपघाताच्या दाव्यात, रुग्णालयाबाहेर जमलेल्या नातेवाइकांच्या तोंडी तो शब्द किंवा त्याचा ‘निष्काळजी’ हा मराठी प्रतिशब्द रोज येतो. रूढ समजुतीप्रमाणे तो एका प्रकारच्या माणसाचे वर्णन करतो: कामात लक्ष नसलेला, कशाचेच सोयरसुतक नसलेला, मुळातच ढिला. बोलण्यात हा अर्थ खपून जातो. दोष ठरवायची वेळ आली की तोच अर्थ दिशाभूल करतो.

या विशेषणाचा खरा संबंध स्वभावाशी नाही आणि मनःस्थितीशीही नाही. एखाद्यावर ठरावीक जबाबदारी होती, ती पार पाडायला काही पावले उचलणे भाग होते आणि ती उचलली गेली नाहीत, एवढेच ते सांगते. मराठीत ‘काळजी करणे’ वेगळे आणि ‘काळजी घेणे’ वेगळे. निष्काळजीपणाचा हिशेब फक्त दुसऱ्याशी आहे. रात्र रात्र जागून काळजी करणारा माणूस काळजी घेण्यात कमी पडू शकतो, आणि बेफिकीर दिसणारा आपले काम चोख बजावू शकतो. हा फरक नजरेआड झाला की दोषाचा शोध स्वभावांच्या मागे लागतो आणि बहुतेक वेळा हाताशी सापडणाऱ्या सर्वांत खालच्या माणसापाशी थांबतो.

१. शब्दाचा गोतावळा

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘न उचलणे’, ‘न निवडणे’ असा आहे. समोर पडलेली वस्तू उचलायला हवी होती, ती तशीच राहिली. त्याच मुळातून इंग्रजीत ‘निग्लेक्टेड’ आणि ‘निग्लिजिबल’ हेही शब्द आले, पण त्यांची कामे निराळी आहेत. ‘निग्लेक्टेड’ हे उपेक्षा वाट्याला आलेल्याचे विशेषण आहे: आबाळ झालेले मूल, पडझड झालेला वाडा. ‘निग्लिजिबल’ म्हणजे मोजण्याच्याही लायकीचे नसलेले. ‘निग्लिजंट’ मात्र ज्याच्याकडून आबाळ झाली त्याला लागते.

‘केअरलेस’ हा त्याचा सर्वांत जवळचा शब्द आणि गोंधळाचे मूळही तोच. शुद्धलेखनाच्या चुका करणारा विद्यार्थी केअरलेस असतो. त्याला निग्लिजंट म्हटले तर इंग्रजी कानाला ते जड वाटते, कारण त्या चुकांनी दुसऱ्या कोणाच्या हक्काला धक्का लागत नाही. ‘रेकलेस’ म्हणजे बेदरकार: धोका दिसत असताना ‘होईल ते होईल’ म्हणून पुढे जाणारा. भारतीय दंड संहितेत १८७० साली घातलेल्या ३०४-अ या कलमाने बेदरकार कृती आणि निष्काळजी कृती शेजारी शेजारी ठेवल्या, आणि मद्रास व अलाहाबाद उच्च न्यायालयांनी १८७२ आणि १८८१ साली त्यांच्यातली सीमारेषा आखून दिली. परिणाम दिसतो आहे पण तो टळेल अशी आशा धरून केलेले कृत्य बेदरकार. परिणाम दिसायला हवा होता, तरी दिसलाच नाही, तिथे निष्काळजीपणा.

मराठी फिर्यादीत ही रेषा पार पुसली गेली आहे. ‘हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात’ ही शब्दांची माळ पंचनाम्याची शाई वाळण्याआधीच कागदावर उतरते. चालकाने धोका पाहून पत्करला की त्याला तो दिसलाच नाही, ब्रेक निकामी होते की रस्त्यावरचा खड्डा महिनोन्महिने तसाच होता, यांपैकी काहीही त्या माळेतून कळत नाही.

२. गवताची गंजी

निष्काळजीपणा मनात शोधायचा नाही, हे इंग्रजी न्यायालयाने १८३७ साली एका शेतकऱ्याच्या खटल्यात स्पष्ट केले. श्रॉपशरमधल्या या शेतकऱ्याने आपल्या हद्दीच्या कडेला वाळल्या गवताची गंजी रचली. शेजारच्या जमीनमालकाची दोन घरे जवळच होती. ओलसर गवत दाबून रचले की आतून तापते आणि आपोआप पेट घेते, ही शेतकऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. पाच आठवडे लोक त्याला सांगत राहिले की गंजी उकल. त्याचा माल विम्याखाली होता, आणि धोका पत्करायची आपली तयारी असल्याचे तो सांगत राहिला. पुढे त्याने गंजीतून धुराड्यासारखे एक भोकही पाडले. गंजी पेटली, आग त्याच्याच कोठाराला आणि तबेल्याला लागली आणि तिथून शेजाऱ्याच्या घरांपर्यंत पोचली.

त्याच्या वकिलाचा बचाव साधा होता: माणसाने आपल्या बुद्धीप्रमाणे प्रामाणिकपणे वागावे, त्यापलीकडे त्याच्याकडून काय मागायचे? देवाने बुद्धी कमी दिली हा काही त्याचा गुन्हा नाही. न्यायालयाने हे मानले नाही. प्रत्येकाची बुद्धी हाच मापदंड धरला तर जितकी माणसे तितकी मापे होतील. म्हणून माप बाहेरचे हवे: सर्वसाधारण शहाण्या माणसाने अशा वेळी काय केले असते? बर्मिंगहॅमच्या पाणीपुरवठा कंपनीवरील १८५६ सालच्या खटल्यात न्यायमूर्ती आल्डरसन यांनी याच मापाची व्याख्या बांधली: समंजस माणसाने जे केले असते ते न करणे, किंवा त्याने जे केले नसते ते करणे. त्या खटल्यात कंपनी सुटली, कारण नुकसानीमागचा १८५५ सालचा थंडीचा कडाका नेहमीच्या हिवाळ्याच्या हिशेबात बसणारा नव्हता.

या मापाची सर्वांत कठोर परीक्षा १९७१ साली झाली. मोटार शिकणाऱ्या एका बाईने वळणावर चाक सरळ केले नाही, गाडी दिव्याच्या खांबावर गेली आणि शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याची गुडघ्याची वाटी फुटली. तिने जीव ओतून प्रयत्न केला होता, हे कोणीच नाकारले नाही. तरीही इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तिला तरबेज चालकाचेच माप लावले. गाडीखाली सापडणाऱ्याला चालकाची उमेदवारी दिसत नसते. मनापासून प्रयत्न करणारी, घाबरलेली, म्हणजे भरपूर काळजी करणारी व्यक्ती निष्काळजी ठरली, याहून या विशेषणाचा अर्थ उघड करणारे उदाहरण सापडणे कठीण.

३. जबाबदारी आधी

पाऊल उचलले नाही, एवढ्यावर कोणी निष्काळजी ठरत नाही. ते उचलणे त्याच्या वाट्याचे असायला लागते. बुडणाऱ्याला पाहून काठावर उभा राहिलेला अनोळखी माणूस भेकड म्हणावा, निर्दय म्हणावा. तलावावरचा जीवरक्षक तसाच उभा राहिला तर तो निष्काळजी. कृती एक, विशेषण वेगळे, कारण दुसऱ्याने ती जबाबदारी पगार घेऊन स्वीकारलेली असते.

ही जबाबदारी ओळखीपाळखीवर किंवा करारावर अवलंबून नसते. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावी ऑगस्ट १९२८ मध्ये एका बाईला मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली गडद काचेची होती, आत कुजलेली गोगलगाय निघाल्याचे बाईचे म्हणणे होते. बाटली तिने विकत घेतली नव्हती, तेव्हा करार कोणाशीच नव्हता. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३२ साली तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले की तरीही उत्पादकाची तिच्याबाबत जबाबदारी होती. लॉर्ड ॲटकिन यांनी ‘शेजारी कोण’ या बायबलमधल्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर दिले: आपल्या वागण्याची झळ ज्याला लागेल हे आधी ध्यानात यायला हवे, तो शेजारी.

भारतात हाच विचार सार्वजनिक बांधकामांपर्यंत पोचला तो दिल्लीच्या चांदणी चौकातल्या घंटाघरामुळे. ते १९५१ साली कोसळले आणि माणसे दगावली. इमारत सुमारे ८० वर्षांची होती, तिच्या चुन्याचे आयुष्य मात्र ४० ते ४५ वर्षांचे. वरून काही दिसत नव्हते, असे महापालिकेचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली ते फेटाळले. आयुष्य उलटलेल्या इमारतीत काही दिसत नसेल तर जाणकाराकडून तपासून घेणे, हीच मालकाची जबाबदारी.

४. किती काळजी पुरेशी?

सर्व धोके टाळायचे म्हटले तर घराबाहेर पडता येणार नाही. म्हणून माप परिपूर्णतेचे नाही, वाजवीपणाचे आहे. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या १९५०-५१ मधल्या दोन निकालांत त्याच्या दोन्ही बाजू दिसतात. पहिल्यात मँचेस्टरजवळच्या एका क्रिकेट मैदानातून षटकार बाहेर गेला आणि रस्त्यावरच्या बाईला चेंडू लागला. इतका लांब फटका ३० वर्षांत सहा-एक वेळाच गेला होता आणि मैदानाला कुंपण होते. क्लब निष्काळजी ठरला नाही. दुसऱ्यात लंडनच्या स्टेपनी भागातल्या नगरपालिकेच्या गॅरेजमध्ये एका डोळ्याने अंध असलेला कामगार गाडीखाली काम करत होता. हातोड्याच्या घावाने लोखंडाची कपची उडाली आणि त्याचा चांगला डोळा गेला. त्या कामाला चष्मा देण्याची पद्धत नव्हती. कपची उडण्याचा संभव त्याच्यासाठी इतरांइतकाच होता. नुकसान मात्र पूर्ण आंधळेपणाचे होते, आणि हे मालकाला माहीत होते. मालक निष्काळजी ठरला.

अमेरिकी न्यायाधीश लर्नेड हँड यांनी १९४७ साली हा हिशेब सूत्रात मांडला: खबरदारीचा खर्च एका पारड्यात, नुकसानाची शक्यता गुणिले त्याचा आकार दुसऱ्या पारड्यात. सूत्र कागदावर देखणे आहे. माणसाच्या डोळ्याची किंमत त्यात कोणी भरायची, हे ते सांगत नाही, आणि म्हणूनच न्यायालये त्याचा उल्लेख करतात पण आकडेमोड फारशी करत नाहीत.

५. शेवटचा हात

आता मूळ मुद्दा. निष्काळजीपणा स्वभावात शोधला की अपघाताच्या क्षणी ज्याचा हात यंत्रावर होता तोच डोळ्यांसमोर येतो. ब्रिटनची ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही प्रवासी आणि मोटारी नेणारी बोट ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधल्या झेब्रुगे बंदरातून निघाली ती पुढचे दरवाजे सताड उघडे ठेवून. पाणी मोटारींच्या डेकवर शिरले, बोट काही मिनिटांत कलंडली आणि १९३ माणसे मेली. दरवाजे बंद करण्याचे काम ज्याच्याकडे होते तो खलाशी आपल्या खोलीत झोपला होता. वर्तमानपत्रांना हवा असलेला माणूस मिळाला.

चौकशीत पुढचे निघाले. दरवाजे उघडे असल्याचे दुसऱ्या एका खलाशाने पाहिले होते, पण ते बंद करणे त्याच्या कामात बसत नव्हते. कप्तानाला वरून दरवाजे दिसत नव्हते. उलट काही कळवले गेले नाही तर सारे ठीक समजून बोट हाकारायची, अशी रीत होती. दरवाजाची स्थिती दाखवणारा दिवा बसवा, अशी मागणी कप्तानांनी कंपनीकडे आधीच केली होती आणि कार्यालयातून तिची टिंगल झाली होती. वेळापत्रक इतके तंग होते की अधिकाऱ्याला दरवाजापाशी थांबून खात्री करायला उसंत नसे. यातले कोणीही ढिल्या स्वभावाचे असण्याची गरज नव्हती. झोपलेल्या माणसाची चूक खरीच होती, पण एका माणसाच्या डुलकीवर शेकडो जीव अवलंबून ठेवणारी रचना ज्यांनी चालू ठेवली त्यांनी काळजी घेतली नव्हती. चौकशीने कंपनीला वरपासून खालपर्यंत दोषी धरले. तरीही कंपनीवरचा मनुष्यवधाचा खटला १९९० साली कोसळला, कारण वरच्या फळीतला असा एकही माणूस दाखवता आला नाही ज्याच्या एकट्याच्या माथी सगळा दोष बसेल.

मुंबईतही याच धर्तीचा निकाल आहे. रंगाच्या एका कारखान्यात डांबर तापवणाऱ्या भट्ट्या आणि ज्वालाग्राही टर्पेंटाइनचा साठा एकाच खोलीत होता. परवान्याच्या अटींना हे सोडून होते. एका कामगाराने डांबर पुरेसे निवण्याआधी टर्पेंटाइन ओतले, फेस उतू जाऊन भट्टीपर्यंत पोचला आणि आगीत सात कामगार मेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली व्यवस्थापकाला ३०४-अ मधून मोकळे केले. मृत्यूचे थेट कारण कामगाराची घाई होती, भट्ट्यांची जागा नव्हे, असा तर्क; त्याचा आधार मुंबई उच्च न्यायालयाच्या १९०२ सालच्या निकालात होता. आगीबाबत निष्काळजीपणा केल्याच्या किरकोळ कलमाखाली मात्र त्याची शिक्षा कायम राहिली.

तुरुंगात पाठवायचे तर थेट कारणाचा आग्रह समजण्याजोगा आहे. दूरच्या कारणासाठी शिक्षा द्यायला लागले तर साखळीला शेवट राहणार नाही. लुधियानातल्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांविषयी हेच धोरण घेतले. रुग्णाला श्वास घेता येईना, प्राणवायूचे सिलिंडर आणले तर ते रिकामे, दुसरे आणून जोडेपर्यंत मोलाची मिनिटे गेली. न्यायालयाने म्हटले की रिकाम्या सिलिंडरसाठी रुग्णालयाला भरपाईला जबाबदार धरता येईल किंवा येणारही नाही, पण डॉक्टरवर फौजदारी खटला चालणार नाही. फौजदारी निष्काळजीपणा ढळढळीत हवा. चूक होते ती फौजदारी न्यायालयाची ही अरुंद कसोटी जेव्हा समाज पूर्ण सत्य म्हणून स्वीकारतो. ‘कोणाला तुरुंगात टाकायचे’ आणि ‘कोण निष्काळजी होते’ हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ‘शेवटचा हात’ असू शकते. दुसऱ्याचे क्वचितच तेवढे असते.

६. चार आक्षेप

‘हेतू वाईट नव्हता.’ हा बचाव सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो सर्वांत निरुपयोगी आहे. हेतू वाईट असता तर प्रकरण खुनाचे किंवा घातपाताचे झाले असते. चांगला हेतू हा निष्काळजीपणाचा बचाव नाही; जिथे वाईट हेतू नसतो तिथूनच हे विशेषण सुरू होते.

‘सगळे असेच करतात.’ वहिवाट हा पुरावा आहे, उत्तर नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १९२८ साली कोळशाचे बार्ज ओढणाऱ्या टग बोटी वादळात सापडल्या. हवामानाचे इशारे रेडिओवर मिळत होते, पण या बोटींवर चालू स्थितीतला रेडिओ नव्हता आणि बहुतेक कंपन्या तो पुरवतही नसत. न्यायाधीश हँड यांनीच १९३२ साली ठरवले की अख्खा धंदा मागे राहिला म्हणून मागे राहणे वाजवी ठरत नाही. मराठी कारभारात ‘पूर्वापार असंच चालत आलंय’ हे वाक्य किती ठिकाणी बचाव म्हणून चालते, हे पाहिले की या निकालाचे मोल कळते.

‘निसर्गापुढे कोणाचे चालते?’ बर्मिंगहॅमच्या कडाक्याने कंपनी सुटली, हे खरे. पण तो युक्तिवाद मोजूनमापून लागू होतो. घाटकोपरमध्ये १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ जण मेले. वारा कोणाच्या हातात नव्हता. होर्डिंग १२० बाय १२० फुटांचे होते आणि महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची. आकार माणसाच्या हातात होता.

चौथा आक्षेप गंभीर आहे: दोष व्यवस्थेचा म्हटला की माणसे सुटतात. सगळेच जबाबदार म्हणजे कोणीच नाही. ही भीती खोटी नाही, आणि मराठी सरकारी भाषा तिला खतपाणी घालते. खुलाशात ‘दुर्लक्ष झाले’, ‘पाठपुरावा राहून गेला’, ‘कार्यवाही प्रलंबित राहिली’ असे लिहिले की कर्ता वाक्यातूनच गायब होतो. पण जबाबदारीचे माप इथेच कामाला येते. व्यवस्था म्हणजे धुके नव्हे; ती पदे, फाइली, सह्या आणि तारखा यांची बनलेली असते. दिव्याची मागणी कोणत्या टेबलावर आली आणि कोणी परतवली, भट्टी त्या खोलीत ठेवायला कोणी सांगितले, सिलिंडर भरल्याची नोंद कोणी करायची होती, या प्रश्नांना नावे आहेत. स्वभावाचा शोध घेणारा तिथे पोचत नाही, कारण सह्या करणारी माणसे सहसा शांत, नीटनेटकी आणि कामात बुडालेली असतात.

७. वापरापुरते

‘तो निष्काळजी आहे’ हे वाक्य म्हणून अपुरे आहे. इंग्रजीत हे विशेषण अनेकदा ‘अमुक कर्तव्यात’ असे जोडून येते, आणि ते सोयीचे आहे: कशात निष्काळजी हे सांगावेच लागते. मराठीतही ते सांगता येते. नर्स निष्काळजी होती, यापेक्षा ‘दर तासाला नोंद करायची होती, ती झाली नाही’ हे खरे विधान आहे, आणि त्यातून लगेच पुढचा प्रश्न निघतो की त्या पाळीत किती रुग्णांमागे किती नर्स होत्या. ज्या निष्काळजीपणाला असा तपशील देता येत नाही तो बहुधा राग असतो.

कायद्याची आजची स्थिती अशी. ‘हेरल्ड’चा खटला कोसळल्यानंतर बऱ्याच वर्षांनी ब्रिटनने २००७ साली कायदा करून कामाच्या रचनेतल्या ढळढळीत त्रुटीमुळे झालेल्या मृत्यूसाठी खुद्द संस्थेलाच मनुष्यवधाची दोषी ठरवण्याची सोय केली. भोपाळच्या दुर्घटनेत भारतीय अधिकाऱ्यांवरचा आरोप सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ३०४-अ पर्यंत खाली आणला, आणि २०१० साली त्यांना त्या कलमाखालची कमाल, म्हणजे दोन वर्षांची शिक्षा झाली. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने घेतली. कमाल शिक्षा पाच वर्षांची झाली, नोंदणीकृत डॉक्टरांसाठी ती दोन वर्षांचीच राहिली. संस्थेच्या मनुष्यवधासाठी ब्रिटनसारखा स्वतंत्र कायदा भारतात नाही.